बोर्ड ऐकणारी आत्या

आमच्या बाजारात माझ्या आत्याला नावाने कुणी हाक मारत नाही. तळमजल्यावरच्या केबलवाल्यापासून वरच्या मजल्यावरच्या प्रिंटर दुरुस्तीवाल्यापर्यंत सगळे तिला ‘कानवाल्या बाई’ म्हणतात. मध्यंतरी जे झालं त्यानंतर हे नाव पुसलं जाईल, किंवा त्याहून वाईट म्हणजे लोक ते हसत हसत घेतील, अशी मला धास्ती होती. तसं काही झालं नाही. का झालं नाही, तेच सांगायचं आहे.

आमचं दुकान मधल्या मजल्यावर, कॉम्प्युटर बांधून देण्याचं. लांबट, अरुंद, दोन्ही भिंतींना छतापर्यंत रिकाम्या खोक्यांची उतरंड. पुढच्या काउंटरवर मी बसते. बिलं, फोन, गिऱ्हाइकांचे रुसवेफुगवे हे माझं खातं. मागच्या टेबलावर दिव्याखाली आत्या असते. चष्मा नाकाच्या टोकावर, स्क्रू ड्रायव्हर कानावर, आणि कुणी मध्ये बोललं की कपाळाला आठी. मी स्वभावाने घाईची. गिऱ्हाईक आलं, मागेल ते दिलं, मोकळं झालं, असा माझा हिशेब. त्यामुळे आत्याचं आणि माझं रोज एकदा तरी वाजतं.

भारी मशीन बांधून घ्यायला येणारा माणूस कसा असतो, ते मी पाहत आले आहे. प्रोसेसर कुठला आणि ग्राफिक्स कार्ड कुठलं यावर तो मित्रांशी भांडून, अबोला धरून, मग आमच्याकडे आलेला असतो. कॅबिनेटला काच हवी की जाळी, यावरही त्याचं ठाम मत असतं. मदरबोर्डचं विचारलं की मात्र तो खांदे उडवतो आणि म्हणतो, कुठलाही द्या चांगलासा. इथे आत्याचं डोकं सटकतं. ती त्याची निवड बाजूला ठेवायला लावते आणि भलतेच प्रश्न विचारायला लागते. मशीन कुठल्या खोलीत ठेवणार, त्या खोलीत झोपतं कोण, त्याला काय काय जोडणार, पुढे काय जोडावंसं वाटेल. गिऱ्हाईक माझ्याकडे केविलवाणं बघतं. मी छताकडे बघते.

तिचं म्हणणं साधं आहे. प्रोसेसर बदलता येतो, कार्ड बदलता येतं, रॅम तर कुणीही बदलेल. पण बोर्डवर सगळं उभं असतं. तो बदलायचा म्हणजे घरातलं सगळं सामान रस्त्यावर काढायचं आणि पुन्हा लावायचं. म्हणून ती बोर्डपासून सुरुवात करते आणि बोर्ड ठरला की बाकीचं चहा पिता पिता उरकते.

आणि बोर्ड ती नुसता निवडत नाही, ऐकते. हे तिचं खास. बोर्डवर प्रोसेसरच्या आजूबाजूला लहान चौकोनी कॉइल असतात. प्रोसेसरला वीज मापात पुरवायचं काम त्यांचं. भार पडला की त्यातल्या काही थरथरतात आणि बारीक आवाज करतात. एकाच कंपनीचे, एकाच जातीचे दोन बोर्ड घ्या, एक मुका निघतो आणि दुसरा दिवसभर कुरकुरतो. हे खोक्यावर कुठे छापलेलं नसतं. म्हणून आत्या बाजार उघडायच्या आत दुकानात येते, शटर अर्धं ओढून घेते, बोर्ड त्याच्याच खोक्यावर उघडा मांडते, त्याला भरपूर काम लावते, पंख्याची वायर क्षणभर काढते आणि पोस्टरच्या पुठ्ठ्याची एक नळी कानाला लावून कॉइलवर वाकते. त्या वेळी दुकानात दुसरं कुणी चालत नाही, मीसुद्धा नाही. श्वासाचा आवाज येतो म्हणे. डॉक्टरने छाती तपासावी तसं हे चालतं. आवाज करणारा बोर्ड ती नव्यासारखा बांधून ठोक व्यापाऱ्याकडे परत पाठवते, आणि तो व्यापारीही निमूटपणे घेतो, कारण आत्याने नाकारलेला बोर्ड दुसऱ्या कुणाला तरी खपतोच. बाकी दुकानदार आधी हसायचे. मग शांत मशीन हवं असलेले लोक त्यांच्याकडून उठून आमच्याकडे यायला लागले, तेव्हा हसू आटोपलं.

मागच्या वर्षी एक मुलगी आली. तिशीची असेल, पाठीला बॅग, डोळ्यांखाली जागरण. ती सॉफ्टवेअरमधली होती आणि तिला स्वतःला काय हवंय ते नीट माहीत होतं. दोन मोठी ग्राफिक्स कार्डं, भरपूर रॅम, आणि हे सगळं लवकर. मी खूश झाले. असं गिऱ्हाईक महिन्यात एखादंच येतं. तेवढ्यात आत्याने मागून विचारलं, की मशीन कुठल्या खोलीत ठेवणार.

मुलगी जरा थांबली आणि मग तिने सांगितलं. तिचे वडील बस स्टँडवर उद्घोषक होते. फलाटांच्या वरच्या काचेच्या खोलीत बसून कुठली गाडी कुठे लागली ते सांगायचे. हे ऐकल्यावर मी चमकलेच, कारण तो आवाज गावात कुणाला माहीत नाही? भरडा, संथ, प्रत्येक गावाचं नाव मानाने घेणारा. गाडी चुकलेल्या माणसालाही त्या आवाजाचा राग येत नसे. निवृत्त झाल्यावर त्यांच्या घशात गाठ निघाली. स्वरयंत्र काढावं लागणार होतं, ऑपरेशनची तारीख ठरली होती. त्याआधी त्यांचा आवाज भरपूर रेकॉर्ड करून घ्यायचा आणि कॉम्प्युटरला शिकवायचा, म्हणजे नंतर त्यांनी टाइप केलं की त्यांच्याच आवाजात ते बोललं जाईल, असं लेकीने ठरवलं होतं. असं करून देणाऱ्या कंपन्या आहेत. पण वडील ऐकेनात. आयुष्यभर आवाज सगळ्या गावाला वाटला, आता उरलेला तरी माझ्या घरात राहू दे, असं त्यांनी सांगितलं होतं. म्हणून हे भारी मशीन घरात हवं होतं, त्यांच्याच खोलीत, त्यांच्या पलंगाशेजारी.

आत्याने स्क्रू ड्रायव्हर कानावरून काढून टेबलावर ठेवला. ती असं करते तेव्हा समजावं की आता दोन दिवस दुसरं काम होणार नाही.

पुढचे दोन दिवस तिने माझ्या नाकी नऊ आणले. चमकणाऱ्या दिव्यांचा एक बोर्ड सगळ्यात ताकदवान होता. तो बाद झाला, कारण त्याच्या पोटात नाण्याएवढा पंखा होता, आणि एवढे छोटे पंखे म्हातारे झाले की किरकिरतात. दुसऱ्यावर दोन कार्डं बसत होती, पण इतकी चिकटून की वरच्याला श्वास घ्यायला जागा नाही. मग त्याचे पंखे बोंबलणार. तिसऱ्यावर कार्ड बसवायचे स्लॉट दोन होते खरे, पण दुसरा नुसता दिसायला लांब. आतून त्याला पोचणारे रस्ते इतके कमी की कार्ड अर्ध्या झोपेत चालणार. मी म्हणाले, आत्या, लग्नाला मुलगा बघतेयस का. ती म्हणाली, नवरा परत करता येतो. शेवटी एक साधा, काळा, रंगरूप नसलेला बोर्ड तिला पसंत पडला. पोटात पंखा नाही, दोन्ही स्लॉट खरे, दोघांत ऐसपैस अंतर. ठोक व्यापाऱ्याकडे तसे तीन नग होते. तिने तिन्ही मागवले आणि दुसऱ्या दिवशी सकाळी शटर अर्धं ओढलं.

मी पोचले तेव्हा ती हात पुसत होती. पहिला गुणगुणतो, दुसरा घुमतो, तिसरा एकदम गप्प, असं तिने सांगितलं. चेहऱ्यावर असं समाधान, की मलाही ‘आता तरी बांधायला घेशील ना’ हे विचारताना आवाज मऊ करावा लागला. तिसरा बोर्ड घेऊन तिने मशीन बांधलं. एकही वायर वाकडी नाही. आम्ही दोघींनी मिळून ते त्यांच्या घरी नेलं.

घर दोन खोल्या आणि स्वयंपाकघर एवढं. काकांची खोली मागच्या बाजूला, शांत. लेकीने भिंतींवर रजया टांगल्या होत्या, खिडकीला दुहेरी पडदा लावला होता. काका पलंगावर ताठ बसले होते, गळ्याभोवती रुमाल. त्यांनी हात जोडले आणि म्हणाले, या. एवढा एकच शब्द, पण तो ऐकून मला उगाच कुठलीतरी गाडी पकडायची आठवण झाली. बोलायचं तोलून मापून, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. सकाळी उठल्यावर थोडा वेळच त्यांचा आवाज जुन्यासारखा असे, मग तो फाटायला लागे. त्यामुळे रेकॉर्डिंग फक्त सकाळी. काकू, म्हणजे त्यांची बायको, पाण्याचे पेले ठेवून दारात उभ्या राहिल्या. त्यांनी मशीनकडे पाहिलं नाही, नवऱ्याच्या गळ्याकडेच पाहत होत्या.

चार-पाच सकाळी गेल्या असतील. लेकीचा फोन आला. ती चिडलेली नव्हती, आणि म्हणूनच मला जास्त काळजी वाटली. ती म्हणाली, मावशींना घेऊन जरा याल का.

स्क्रीनवर तिने काकांच्या आवाजाचं चित्र काढून ठेवलं होतं. शब्दांचे उंचसखल पट्टे, मधे मधे रिकामी जागा, आणि या सगळ्याच्या वरच्या अंगाला एक बारीक सरळ रेघ, या टोकापासून त्या टोकापर्यंत. काका बोलत असोत की नसोत, रेघ होतीच. ती म्हणाली, ही शिट्टी आहे, आणि ती मशीनमधून येते. तिने मशीन बाहेरच्या खोलीत ठेवून पाहिलं होतं. रेघ फिकी झाली पण गेली नाही, कारण माइकला वीज त्याच बोर्डकडून मिळत होती. फोनवर रेकॉर्ड करून पाहिलं, तर फोन स्वतःच आवाज घासूनपुसून बदलत होता. शिट्टी नंतर पुसायला गेलं, तर काकांचे स, श आणि च यांच्या कडा तिच्याबरोबर जात होत्या. आणि तशीच ठेवली, तर मशीनला वाटत होतं की ही शिट्टी काकांच्या आवाजाचाच भाग आहे. मशीन तीही इमानदारीने शिकत होतं. त्या सगळ्या सकाळी वाया गेल्या होत्या. काका शून्यात बघत बसले होते, आणि खोलीतल्या प्रत्येकाला त्या सकाळींचा अर्थ कळत होता.

आत्या मशीनशी वाकली. झाकण काढलं, पंखे थांबवले, कान नेला. बराच वेळ तशी राहिली. मग म्हणाली, यात तर काहीच आवाज नाही.

मला तो आवाज खोलीत शिरल्या शिरल्या ऐकू आला होता. डासासारखा, बारीक, न थांबणारा. मला वाटलं, ती वेगळ्याच कुठल्या आवाजाबद्दल बोलत असेल.

तिने माझ्याकडे पाहिलं. “तुला येतोय?”

“हो,” मी म्हणाले.

“आत्ता?”

मी मान हलवली. लेकीकडे, काकांकडे पाहत ती तेच विचारत गेली, आणि त्या दोघांनीही माना हलवल्या. दारातून काकूंनीही हलवली.

लेक हुशार, आणि मनाने चांगली. तिने आत्याच्या कानांना हेडफोन लावले आणि कॉम्प्युटरवर एक स्वर सुरू केला, खालून हळूहळू वर जाणारा. ऐकू येतं तोवर बोट वर ठेवा, असं तिने खुणेने सांगितलं. आत्याने बोट वर केलं, शाळेतल्या मुलीसारखं सरळ. आम्ही तो स्वर स्क्रीनवर चढताना बघत होतो. रेघेच्या जागेपासून तो बराच खाली होता तेव्हाच आत्याचं बोट खाली आलं. स्वर पुढे चढत राहिला, आत्या शांतपणे समोर बघत राहिली. मग तिने विचारलं, संपलं का.

मला रडू आलं. का, ते तेव्हाच कळलं होतं. तिने तीन बोर्ड इतक्या मन लावून ऐकले होते, आणि त्यातले दोन तिला ऐकू येणारा आवाज करतात म्हणून बाजूला ठेवून, तिला ऐकू न येणारा आवाज करणारा तिसरा निवडला होता. निष्काळजी माणसाच्या हातून ही चूक झालीच नसती. त्याने पहिलं हाताला लागेल ते खोकं उचललं असतं.

घरी जाताना मी तिला मार्ग सुचवला, आणि अजूनही मला वाटतं की तो व्यवहारी होता. यापुढे बोर्ड मी ऐकत जाईन. शटर ओढायचं, दोघींनी आत बसायचं, बाहेर कुणाला काही सांगायची गरज नाही. नाव तिचं, कान माझे. तिने ऐकून घेतलं आणि सरळ नाही म्हटलं. एवढी वर्षं मी लोकांना माझ्या कानांच्या भरवशावर बोर्ड दिले, ते मला कळायला हवं तसं त्यांनाही कळायला हवं, असं तिचं म्हणणं. मी म्हटलं, अगं, बाजार तुला खाऊन टाकेल. ती म्हणाली, खाऊ दे, पण आधी त्या माणसाच्या सकाळी वाचायला हव्यात.

काकांच्या घरातून निघताना आणखी एक गोष्ट झाली होती. काकांनी लेकीच्या हातातला कागद घेऊन त्यावर काही लिहायला घेतलं, मग तो बाजूला सारला आणि त्या दिवसाचा उरलेला आवाज खर्च केला. “बाई, कान आहेत माझे चांगले,” ते म्हणाले. “दुपारी मी बसूनच असतो. येतो ऐकायला.”

आता अडचण दुपारची होती. दुपारी आमचा बाजार म्हणजे पंखे, ड्रिल, कुणाचं तरी गाणं, कुणाचं तरी भांडण. त्यात कॉइलची शिट्टी कोण ऐकणार? सकाळी काकांना आणावं तर त्यांची बोलायची वेळ जाते. मी म्हटलं, बोर्ड त्यांच्याच घरी नेऊन ऐकवू. पण परत पाठवायचे राहिलेले ते दोन बोर्ड, बदलायचे भाग, हत्यारं हे सगळं दुकानातच होतं. आणि खरं सांगायचं तर आत्याच्या मनात आधीच काहीतरी शिजलं होतं.

ती दुकानादुकानांत गेली. मी मागे होते, मान खाली घालून, कारण मला ते बघवत नव्हतं. ती प्रत्येकाला एकच सांगत होती. मला वरचे बारीक आवाज ऐकू येत नाहीत. केव्हापासून, ते मलाच माहीत नाही. माझ्याकडून घेतलेला एखादा बोर्ड शिट्टी मारत असेल तर घेऊन या, मी बदलून देईन. आणि आज दुपारी एक माणूस त्याच्या आवाजासाठी बोर्ड निवडायला येतोय, तेव्हा थोडा वेळ सगळं बंद ठेवा. आवाज गेला की तो परत मिळणार नाही. ती हे विनवून सांगत नव्हती आणि लाजूनही नाही. गिऱ्हाइकाला वॉरंटी समजावून सांगावी तशा सुरात सांगत होती. माझ्या बापाची ही बहीण, जिच्या हट्टीपणाला मी उभ्या आयुष्यात शिव्या घातल्या, तिच्याबद्दल त्या दिवशी मला इतका आदर वाटला की तो मावेना. केबलवाल्याने ऐकून घेतलं, डोकं खाजवलं, आणि तेवढंच विचारलं, की किती वाजता.

काका लेकीच्या हाताला धरून आले. ते जिना चढताना लोक बाजूला झाले. बऱ्याच जणांनी त्यांचं नाव ऐकलं नव्हतं पण आवाज रोज ऐकला होता. आता तो माणूस गळ्याला रुमाल बांधून एक शब्दही न बोलता जाताना दिसला. वरच्या मजल्यावरचा ड्रिल थांबला. मग एकेक पंखा थांबला. प्रिंटरवाल्याने आपणहून वीजच बंद केली. तो बाजार इतका गप्प मी कधीच पाहिला नव्हता. त्या दिवशी पहिल्यांदाच आत्याने शटर ओढलं नाही आणि कुणाला बाहेरही काढलं नाही.

तिसरा बोर्ड आत्याने त्यांच्या मशीनमधून काढून आणला होता; तो सुरू होताच काकांनी चेहरा वाकडा केला. तो गेला बाजूला. दुसरा, घुमणारा, त्यांनी बराच वेळ ऐकला आणि नकारार्थी मान हलवली. पहिला, गुणगुणणारा, सुरू झाल्यावर मात्र ते पुढे वाकले. डोळे मिटले. हाताने आत्याला जवळ बोलावलं आणि बोटाने हवेत एक लहान चौकोन काढला. आत्याला कळलं. बोर्डच्या एका कडेला, मागच्या जोडण्यांवर, धातूचं एक पातळ झाकण असतं. तिने त्याच्या एका कोपऱ्यावर बोट टेकवलं. काकांनी मान हलवली, नाही. दुसरा कोपरा. नाही. तिने बोट जरा आत सरकवलं, दाबलं. काकांनी तळहात वर केला आणि तसाच धरला, गाडी थांबवावी तसा.

गुणगुण बोर्डची नव्हतीच. कॉइल जेमतेम थरथरत होत्या आणि ते सैल झाकण त्यांना साथ देत होतं. आत्याने झाकण काढलं, खाली रबराच्या बारीक चकत्या घातल्या, स्क्रू आवळले आणि पुन्हा भार टाकला. तिला आधी ऐकू येत होती ती गुणगुण आता तिलाही येईना, पण तिने स्वतःच्या कानांवर विश्वास ठेवला नाही, काकांकडे बघितलं. काका ऐकत राहिले. लेकीने माइक जवळ धरून स्क्रीन पाहिली. वर रेघ नव्हती. काकांनी डोळे उघडले आणि आत्याच्या मनगटावर दोनदा थोपटलं.

कुणीतरी टाळी वाजवायला लागलं, तर केबलवाल्यानेच त्याला दटावलं. अजून बंद ठेवा म्हणून सांगितलंय ना, असं त्याने कुजबुजत सुनावलं.

त्याच संध्याकाळी आत्याने त्यांच्या घरी जाऊन सगळं मशीन उपसलं आणि नव्याने लावलं. दुसऱ्या सकाळी रेकॉर्डिंग सुरू झालं. उरलेल्या सगळ्या सकाळी काका बोलत होते. लेक पुढे ठेवेल ते वाचायचे, वर्तमानपत्र, औषधाच्या बाटलीवरची सूचना, जुनी वेळापत्रकं. आत्या अधूनमधून फोन करून रेघ आली का एवढंच विचारायची. मग एके दिवशी लेकीने सांगितलं की आज बाबा दवाखान्यात दाखल झाले.

दरम्यान आमच्याकडे शिट्टी मारणारे बोर्ड परत येतील म्हणून मी मनाची तयारी केली होती. थोडे आलेही. आत्याने ते गुपचूप नाही, काउंटरवर सगळ्यांसमोर बदलून दिले. आता सकाळी ती बोर्ड मांडते आणि मी ऐकते, कधी केबलवाला ऐकतो, त्याला तर ही नळी लावायची फार हौस आहे. कुणाला काय ऐकू आलं यावर वाद होतात, आणि शेवटचा शब्द तिचाच असतो, कारण आवाज कुठून येतो आणि कशाने थांबतो, हे अजूनही तिच्याच बोटांना कळतं. लोक तिला कानवाल्या बाईच म्हणतात. मला वाटतं, आता जरा जास्तच आपुलकीने म्हणतात.

काका घरी आल्यावर काही आठवड्यांनी लेकीने आम्हाला बोलावलं. खोली तीच होती, पण रजया निघाल्या होत्या आणि खिडकी उघडी होती. काका टेबलाशी बसले होते. वाळले होते, गळ्यातल्या श्वासाच्या छिद्रावर पांढरी जाळी होती, तिच्यामागून श्वासाचा आवाज येत होता. लेकीने सांगितलं की मशीनचं शिकणं कालच पुरं झालं, आणि अजून कुणासमोर ते बोललेलं नाही, बाबा तयार होत नव्हते. तुम्ही आलात की बघू म्हणाले. म्हणजे लिहून दिलं.

काकांनी कीबोर्ड पुढे ओढला. आत्या मशीनपासून लांब, दाराशी उभी राहिली. मी तिचा हात धरला. मला माहीत होतं ती काय करतेय; ती ऐकू न येणाऱ्या गोष्टीची वाट बघत होती. काकांनी एका बोटाने टाइप करायला सुरुवात केली. चुकले, पुसलं, पुन्हा लिहिलं. मला वाटलं, आत्याचे आभार मानतील, किंवा स्वतःचं नाव सांगतील. लेकीलाही तसंच वाटत असणार, कारण ती ओठ घट्ट मिटून उभी होती. त्यांनी शेवटची कळ दाबली.

“अगं, ऐकलंस का,” तो भरडा, संथ आवाज घरभर म्हणाला, “पाहुणे आलेत. पाणी आण.”

स्वयंपाकघरात नळ वाहत होता, भांडी वाजत होती. त्या आवाजातून काकूंनी नेहमीसारखं, मागे वळूनही न बघता उत्तर दिलं.

“आणते हो. ओरडता कशाला, हात भरलेत माझे.”

मग नळ बंद झाला. एक भांडं ओट्यावर टेकल्याचा आवाज आला. काकू ओल्या हातांनीच दारात आल्या, आणि नवऱ्याच्या गळ्याकडे नाही, पहिल्यांदाच मशीनकडे पाहू लागल्या.